पाठमोरे

तोंडाने प्रसिद्ध झालेली माणसं जगात पैशाला पासरी आहेत. पाठीने प्रसिद्ध झालेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या शूटिंगच्या बंगल्याचा मालक. उरणच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात त्यांचा दुमजली बंगला होता आणि तो आम्ही एका विनोदी कौटुंबिक मालिकेसाठी घेतला होता. मालिका कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या पोरांसाठी, दर शनिवारी मोबाइलवर नवा भाग. सतरा वर्षांची चुणचुणीत मुलगी, तिचा आगाऊ धाकटा भाऊ, मित्रासारखे वागणारे बाबा, रागावल्यासारखं करून न रागावणारी आई आणि विसरभोळी आजी, असं ते कुटुंब. सुरुवातीला भांडण, मध्ये गैरसमज आणि शेवटी सगळ्यांची मिठी. त्यांचे संवाद मी लिहायचे. मी सीवूड्सला एकटी राहते, मला मूलबाळ नाही आणि सख्ख्या भावाशी माझं बोलणं दिवाळीपुरतं; तेव्हा सुखी कुटुंब लिहायला माझ्याहून योग्य बाई निर्मात्याला मिळणार तरी कुठून?

मालक साठीचे, ठेंगणे, गळ्यात सोन्याची साखळी, डाव्या गालात तंबाखूची गोळी, आणि पाठ अशी रुंद की दारात उभे राहिले तर आत उजेड यायचा नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे. बंगला भाड्याने दिला म्हणजे काही काळ तो आपला नाही, ही कल्पना त्यांना कोणीही समजावू शकलं नाही. सीन रंगात आला की मालक शांतपणे आत येत आणि पंखा बंद करून जात. लाइटमनने दोन तास खपून लावलेल्या दिव्यांकडे बघून म्हणत, "दिवसाढवल्या एवरे दिवे कनाला जालता रं?" आणि बटण दाबून मोकळे. एकदा नायिकेने चिडून दार आपटायचं होतं. तिने आपटलं. मालक बाहेर आले, दाराला हात लावून पाहिला, मग तिच्याकडे बघून म्हणाले, "सागवान हाय. परत आपट बघू." दिग्दर्शकाला त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं की दाराची बेल वाजवणं बंद कर, इथे माणूस फाटकातूनच हाक मारतो, बेल वाजली की गावाला वाटतं, बँकेचा माणूस आला.

पण खरा घोटाळा झाला तो मिठीचा. पहिल्या भागाच्या शेवटी कुटुंबाने ठरल्याप्रमाणे एकमेकांना मिठी मारली, आजीने डोळे पुसले, आणि मागच्या पडवीतून मालक धावत आले. "कोन गेला? कोन गेला रं?" त्यांचा आवाज ऐकून शेजारच्या दोन बायका डोक्यावर पदर घेऊन फाटकात येऊन उभ्या राहिल्या. कोणी गेलेलं नाही, मुलीने आईचा फोन फोडला होता आणि आता त्यांचं गोड झालंय, हे त्यांना समजावता समजावता आमचा अर्धा दिवस गेला. "रायटरबाय," ते मला म्हणाले (मला ते कायम रायटरबायच म्हणत), "आमच्यात मिठी दोनदाच मारतान. पोरगी सासरी निंगते तवा, नायतर मानूस जातं तवा. तुमचा रोज कोन मरतं?" त्यानंतर दर भागाच्या मिठीला ते चपला काढून, हात जोडून दारात गंभीरपणे उभे राहू लागले. ते उभे आहेत म्हटल्यावर नटांना हसू आवरेना, आणि मी ओट्याखाली तोंडात ओढणी कोंबून बसायचे. ओट्याखाली अशासाठी की आजीचं काम करणाऱ्या बाई भूमिकेपेक्षा जास्त विसरभोळ्या होत्या, आणि त्यांना वाक्यं पुरवायला मला स्वयंपाकघराच्या ओट्याआड दडून बसावं लागे.

आता त्या पाठीबद्दल. आमच्या धंद्यात जेवणाच्या टेबलाची एक बाजू नेहमी मोकळी ठेवतात, कारण कॅमेरा तिथून बघतो. सगळं कुटुंब तीन बाजूंना दाटीवाटीने बसतं आणि चौथीकडे कोणी फिरकत नाही. प्रेक्षकांना याचं काही वाटत नाही, पण मालकांना पहिल्याच जेवणाला वाटलं. "ती बाजू कोनाची?" त्यांनी विचारलं. दिग्दर्शक म्हणाला, कॅमेऱ्याची. "क्यामेरा जेवतं?" नाही. "मंग मोकली कनाला? भरल्या घरात जेवताना जागा मोकली सोरतान ती पितरांना." असं म्हणून त्यांनी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले. दिग्दर्शक ओरडला, निर्मात्याला फोन गेला, मालकांनी घर माझं आणि टेबलही माझं एवढंच उत्तर दिलं. शेवटी वैतागून तसंच चित्रण केलं आणि रात्री जोडून पाहिलं, तर फारच झकास दिसत होतं. त्या रुंद खांद्यावरून दिसणारं कुटुंब एकदम खरं वाटायला लागलं होतं, जणू आपणच त्या टेबलाला बसून जेवतोय. मालकांची खुर्ची कायम झाली.

मग जे झालं ते आमच्यापैकी कोणाच्याही स्वप्नात नव्हतं. पोरांना ती पाठ आवडली. "पाठवाले काका आज का नाही?" "काकांनी आज उजवा खांदा उडवला, म्हणजे त्यांना भाजी आवडली नाही" असले अभिप्राय यायला लागले. संवादांबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं, हे मी इथे नमूद करते. रविवारी पनवेल, खारघरहून पोरंपोरी बंगल्यावर सेल्फी काढायला यायची. मालक शहाण्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि पोरं त्यांच्या मागे. एका मुलीने "काका, एकदा वळा ना" म्हटलं तर मात्र ते ताडकन आत निघून गेले. दिग्दर्शकानेही त्यांना एक वाक्य देऊ केलं होतं, चेहऱ्यासकट. एरवी शूटिंगमध्ये नको तिथे बोलणाऱ्या या माणसाने ते साफ नाकारलं. "तोंड नको," म्हणाले, "पाठ घे, पायजे तवरी."

स्वतः त्यांनी मालिका कधी पाहिली नाही. पण दर सोमवारी मला एक प्रश्न ठरलेला. "रायटरबाय, सीवूडला दिसतं काय आपला?" मी सांगायचे, काका, हे मोबाइलवर असतं, सगळीकडे दिसतं, अमेरिकेतसुद्धा दिसतं. "अमेरिकेचा सोर. सीवूडचा सांग." दिसतं, सीवूड्सला दिसतं. "नीट दिसतं ना? पाठ वलखाला येते?" मला वाटायचं, म्हाताऱ्याला प्रसिद्धीची हाव सुटली आहे, आणि तीही पिनकोडनिहाय. मी त्यांची टिंगल करायचे आणि तेही हसायचे, तंबाखू सांभाळत.

मग तो भाग आला. नायिकेला एक मुलगा आवडलेला असतो, घरचे ऐकणार नाहीत म्हणून ती पळून जायचं ठरवते, आणि जेवताना तिच्या तोंडून ते निसटतं. सगळे घास हातात धरून थांबतात. मित्रासारखे वागणारे बाबा म्हणतात, "अगं, पळून कशाला जातेस? घरी घेऊन ये त्याला. आधी जेवायला बोलाव, मग बघू." मी हे वाक्य चहा उकळेपर्यंत लिहिलं होतं. चित्रण सुरू झालं, बाबांनी वाक्य म्हटलं आणि मालकांची पाठ हलायला लागली. खांदे गदागदा हलत होते. दिग्दर्शक खूश, त्याने हाताने खुणावलं की थांबवू नका. पाठवाले काका हसतायत! शनिवारी तो भाग आला तेव्हा अभिप्रायांत हसऱ्या इमोजींचा नुसता पाऊस पडला. पण कॅमेरा होता त्यांच्या मागे आणि मी होते त्यांच्या समोर, टेबलापलीकडच्या ओट्याखाली. मालक रडत होते. तोंड उघडं, आवाज नाही, नाकातून पाणी, आणि हात ताटातल्या भातात तसाच.

सगळे पांगल्यावर मी पडवीत त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ते खाडीकडे बघत होते. मग म्हणाले, "रायटरबाय, यो वाक्य तुना कुठशी आनला?"

"सुचलं," मी म्हटलं.

"मना नाय सुचला तवा."

आणि मग त्यांनी सांगितलं. एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली म्हणून त्यांनीच तिची वेणी घातली, त्यांनीच डबा दिला. कंटेनरच्या गोदामाच्या ऑफिसात लागली, तिथलाच एक मुलगा पसंत केला, परजातीतला. लग्न करून दोघं पाया पडायला आली, ती याच अंगणात. भावकी जमली होती. मालकांनी सगळ्यांसमोर मुलीला सांगितलं, परत मला तोंड दाखवू नको. मुलगी बापाची, तीही म्हणाली, मलासुद्धा तुमचं तोंड बघायचं नाही. गेली. आता सीवूड्सला राहते, स्टेशनसमोर तिचं फॉल-पिकोचं दुकान आहे. इथून रिक्षाने आणि ट्रेनने जाऊन यायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही, आणि बाप कधी गेला नाही, लेक कधी आली नाही.

"मग आता तरी कॅमेऱ्याकडे तोंड करा की," मी म्हटलं. "ती बघेल."

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की लिहिणारी बाई इतकी मठ्ठ कशी. "तिनं सांगितलाय ना, तोंड बघाचा नाय. मंग तोंड कसा दाखवू? पोरीचा शब्द हाय. पन पाठ बघाचा नाय, असा कुठं बोलली ती?" त्यांनी तंबाखूची पिंक टाकली. "जेवाला बसलोय, बाजूला जागा हाय. वलखील ती. हुशार हाय."

खरं सांगते, मला तेव्हा हसू आलं आणि त्या माणसाचा इतका लळा लागला की पुढचे सगळे जेवणाचे प्रसंग मी लांबवत गेले. निर्माता म्हणायचा, बाई, ह्या घरात भूक फार लागते. लागू दे, म्हटलं. मालक रोज अंघोळ करून, पांढराशुभ्र शर्ट घालून बसायचे, आणि शेजारी चार बोटं जागा मुद्दाम सोडून.

त्यांच्या ताटातलं अन्न कमी होत नाही, हे पहिल्यांदा पाहिलं ते नायिकेचं काम करणाऱ्या मुलीने. तिच्यावर मालकांचा जीव होता. ती शाकाहारी आहे हे कळेपर्यंत त्यांनी तिला बोंबील खायला घालायचे जंग जंग प्रयत्न केले होते. ती म्हणाली, मॅम, आजोबा नुसता भात चिवडतात. विचारलं तर मालक म्हणाले, "जेवनाचा सीन हाय, खराच थोरा जेवाचा?" मग शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी तो आतून दोनदा आवळला, कारण गेल्या भागातली पाठ आणि या भागातली पाठ सारखी दिसायला हवी. बोलणं तर इतकं कमी झालं की पंखे दिवसभर फिरत राहायचे आणि आम्हालाच चुकल्यासारखं वाटायचं. तोंड बोटभर उघडेना तेव्हा बाबांचं काम करणारा नट त्यांना जवळजवळ उचलूनच नेरूळला दवाखान्यात घेऊन गेला. डाव्या गालात होतं. जबडा काढावा लागेल म्हणाले. त्याच आठवड्यात आमची मालिकाही बंद होतेय असं कळवण्यात आलं.

मी एक साडी घेतली आणि स्टेशनसमोर गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक मशिन, दोरीवर लटकवलेले फॉलचे गठ्ठे. मुलगी तिशीची असेल. तिला बघितल्यावर ओळख विचारायची गरज नव्हती. मशिनवर वाकली होती आणि पाठ तीच.

"पिको पण करायचंय का, मॅडम?"

"कर." मग न राहवून मी सांगून टाकलं की ती शनिवारची मालिका मी लिहिते.

तिचा पाय थांबला. "मग सांगा त्यांना," ती म्हणाली, "पाठ बघून झाली माझी, पोटभर. अंगणात चार लोकांसमोर पाठ फिरवली तेवढ्याने भागलं नाही. आता दर शनिवारी पांढरा शर्ट घालून बसतात, सगळ्या जगासमोर, मुद्दाम माझ्याकडे पाठ करून. मी एकपण एपिसोड सोडला नाही. वाटायचं, आज वळतील. आणि त्या दिवशी, ती मुलगी पळून जाणार असते त्या दिवशी, किती हसले! खांदे बघितले ना तुमी? माझा नवरा शेजारी बसला होता हो. कोनावर हसतायत ते त्यालापण कळलं."

 एका घरातली दोन हुशार माणसं. बाप तिचा शब्द पाळत बसला होता आणि ती त्याच्या शब्द पाळण्याचे घाव मोजत बसली होती. मराठीत पाठ या शब्दाने इतका घात करावा, हे शब्दांवर पोट भरणाऱ्या मला सुचलंच नव्हतं.

"हसत नव्हते ते," मी म्हटलं. "कॅमेरा मागे होता. समोर मी होते, ओट्याखाली बसलेली." आणि मी तिला सगळं सांगितलं: नाकातून पाणी, भातातला हात, मला सुचलेलं आणि त्यांना न सुचलेलं वाक्य, आणि तोंड बघायचं नाही असं म्हणाली पण पाठ बघायची नाही असं कुठे म्हणाली, हा सगळा हिशेब. मग दवाखाना सांगितला.  तिने पुन्हा मशिन सुरू केलं आणि मान खाली घालून साडी पुढे सरकवत राहिली. फॉल उलट्या बाजूला लागत होता. मी पाहत होते, मी थांबवलं नाही.

ऑपरेशनच्या आधी ती पोचली असती तर त्यांना तिच्याशी बोलता तरी आलं असतं. पण डॉक्टरांनी तारीख अलीकडे घेतली होती आणि आम्हाला कोणालाच ते नीट कळवलं गेलं नव्हतं. आम्ही दोघी गेलो तेव्हा सगळं उरकलं होतं. खोलीत एकच खाट, भिंतीला जवळजवळ टेकलेली. मालक भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडले होते, चेहऱ्यावर टॉवेल ओढलेला. नर्स म्हणाली, शुद्धीवर आल्यापासून असेच आहेत, कोणाला तोंड दाखवत नाहीत. मुलगी दाराशी उभी राहिली. दवाखान्याच्या हिरव्या सदऱ्यातून त्यांच्या पाठीचा मणका न् मणका दिसत होता. कपडेपटवाल्या बाईंनी आवळून आवळून काय झाकलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"बाबा," ती म्हणाली.

पाठ नुसती ताठ झाली. टॉवेल घट्ट धरलेला हात दिसला. ते वळले नाहीत. वळणार नव्हतेच, आता तर तोंडही पूर्वीचं राहिलं नव्हतं, आणि पोरीने सांगून ठेवलेलं होतं.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग चपला काढल्या, खाटेच्या पायथ्याकडून वळसा घेतला आणि भिंत आणि खाट यांच्यामधल्या त्या वीतभर फटीत शिरली. फटीच्या तोंडाशी सलाइनचा खांब होता, तो तिने बाजूला केला. अंग चोरून, भिंतीला घासत ती सरकत सरकत त्यांच्या उशापाशी पोचली. बसायला जागा नव्हती म्हणून अर्धवट वाकून उभी राहिली. मला आता तिचा चेहरा दिसत होता आणि त्यांची पाठ. तिने टॉवेलला हात घातला. त्यांनी सोडला नाही. तिने जोर लावला नाही, नुसता धरून राहिली. कितीतरी वेळाने त्यांची बोटं ढिली पडली.

तिने पाहिलं. पाहताना तिने डोळे मिटले नाहीत, एवढं मी सांगू शकते.

"काय हो ह्यो," ती म्हणाली. दुकानातली ती मॅडम-मॅडम करणारी भाषा कुठल्या कुठे गेली होती. "काय करून घेतलाव? मी सांगत होती ना, तंबाखू सोरा. लहान होती तवापासून सांगतंय. आयकला काय कोनाचा?" आणि मग डोळे पुसत, रागावूनच, "सरा जरा तिकडं. मना बसाला जागा द्या."

मालकांनी खाटेची कड धरली. नळ्या सांभाळत, कण्हत, आधी खांदा, मग कंबर, असं करत ते माझ्याकडे सरकत आले. भिंतीच्या बाजूला खाटेवर चार बोटं जागा झाली. ती तिथे बसली.

पुढे तिने त्यांना घरी नेलं. दिवाळीच्या आधी ते गेले. त्यांचा चेहरा मी त्यानंतर पाहिला नाही. तो तिच्यासाठी होता, मला दाखवायचा नव्हता. पण त्या दुपारी मला एकदम फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं, आणि दोन्ही कोणाला सांगावं ते कळेना. हातातली शहाळी दाराशी ठेवून मी बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आत ती बोलत होती. भावकीत कोणाचं काय झालं, नवरा रोज दुकान झाडतो, तिची भाकरी अजून काठाला चिरते. मधूनच थांबायची, मग पुन्हा सुरू. एरवी एक वाक्य मध्ये न बोलता राहू न शकणारा तो माणूस पहिल्यांदाच सगळं ऐकून घेत होता.